धुराच्या रंगाचे कोष्टक

मोटार-दुरुस्तीच्या पुस्तिकांत एक कोष्टक हमखास आढळते : निळा धूर म्हणजे वंगणतेल जळते, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे इंधन जास्त. पाठांतराला ते सोयीचे आहे, निदानाला मात्र अपुरे. इंधन ‘जास्त’ म्हणजे कशाच्या मानाने, हे ते सांगत नाही.

१९८०च्या दशकातील व्हॉल्व्हो ७४० टर्बो ही पेट्रोलवर चालणारी मोटार घ्या. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. या गाडीत गाळणीतून आलेल्या हवेचे वस्तुमान एक तापलेली तार मोजते आणि त्या मापाने इंजेक्टर पेट्रोल फवारतात. मोजलेली हवा टर्बो दाबून इंजिनाकडे ढकलतो. टर्बोनंतरची रबरी नळी चिरली असेल, तर हवा वाटेतच निसटते. पेट्रोल मात्र पूर्ण मापाने पडते. हवेअभावी काजळी तयार होते. कोष्टकावर विसंबणारा अशा वेळी निर्दोष इंजेक्टरच बदलतो. खर्च होतो, धूर तसाच राहतो.

कोष्टकात ‘केव्हा?’ हा रकाना हवा होता. धूर फक्त चढावर किंवा वेग घेताना, म्हणजे टर्बोचा दाब असताना येत असेल, तर आधी नळ्या तपासाव्यात. तापलेले इंजिन उभ्या गाडीत मंद चालतानाही तो येत असेल, तर तापमान-संवेदक, इंधनदाब-नियंत्रक किंवा गळका इंजेक्टर यांचा संशय घ्यावा.

वर्गातही ‘काळ्या धुराचे कारण लिहा’ एवढ्यावर थांबू नये. ते कारण कोणत्या तपासणीने ठरवाल, हेही विचारावे.