घोड्याचा हॉक आणि माणसाचा घोटा: तुलनेची मर्यादा

घोड्याच्या मागच्या पायातला उंचावरचा सांधा 'उलटा गुडघा' वाटतो. तो खरे तर हॉक, म्हणजे माणसाच्या घोट्याशी जुळणारा टार्सल सांधा. या साम्यावर संधिवाताचे काही तुलनात्मक संशोधन आधारलेले आहे. ते उपयुक्त असले तरी दोन आक्षेप लक्षात घ्यावेत.

पहिला आक्षेप जागेचा. हॉकची बहुतेक हालचाल सर्वांत वरच्या सांध्यात होते. 'बोन स्पॅव्हिन' हा झिजेचा आजार मात्र बहुधा खालच्या, फार थोड्या हलणाऱ्या दोन सांध्यांत आढळतो. माणसात घोट्याच्या मुख्य, हलत्या सांध्याची झीज बहुतेकदा जुन्या अस्थिभंगानंतर किंवा अस्थिबंधाच्या दुखापतीनंतर होते. म्हणजे आजाराचे नाव एक असले तरी जागा आणि कारणे वेगळी.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. आइसलँडिक घोड्यांच्या २००० सालच्या पाहणीत सुमारे ३० टक्के घोड्यांच्या क्ष-किरण चित्रांत हॉकमधील बदल दिसले; पण त्यांतले अनेक घोडे पाय वाकवण्याच्या चाचणीनंतरही लंगडले नाहीत. माणूस वेदना सांगू शकतो, घोडा नाही. म्हणून चित्रातला बदल म्हणजेच वेदना, असे गृहीत धरण्याचा धोका असतो. औषधाचा गुण केवळ चित्रावरून ठरवला, तर निष्कर्ष दोघांच्याही बाबतीत फसवा ठरतो.

तुलना सोडायची नाही. मात्र कोणता सांधा, कोणते कारण आणि वेदना कशी मोजली, हे तीन प्रश्न प्रत्येक शोधनिबंधाला विचारावेत.