नायिका कितव्या पानावर मरते?

मराठी माणूस विसाव्या वर्षी प्रेमात पडतो आणि ते इतरांना कळावं म्हणून लगेच काहीतरी लिहितो. आमच्या वडिलांच्या पिढीत कविता लिहीत. आमच्या पिढीत एकांकिका लिहीत आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन घरी येत. आताची पिढी सिनेमा काढते. कवितेला एक वही पुरायची, एकांकिकेला एक पलंग आणि दोन खुर्च्या लागायच्या. सिनेमाला मोबाइल लागतो आणि तो सगळ्यांच्या खिशात असतोच. तेव्हा ही साथ आटोक्यात येण्याची चिन्हं नाहीत.

प्रेमाच्या बाबतीत आमचा बुलढाणा जिल्हा कुणाला हार जाणारा नाही. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांनी 'शीळ' लिहिली, जी. एन. जोशींनी ती १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि मराठी भावगीताचा जमाना तिथून सुरू झाला, असं जाणकार सांगतात. दिवसभर कोर्टात पुढची तारीख मागणाऱ्या माणसाने हे केलं, आणि तेही एकाही पात्राला न मारता. आताच्या मुलांना मात्र कुणीतरी मेल्याशिवाय प्रेम खरं वाटत नाही.

हे मी एका संहितेच्या आधारे बोलतो आहे. गेल्या पावसाळ्यात कॉलेजातली चार मुलं चाळीस पानं घेऊन माझ्याकडे आली. मी बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम. पण दिवाळी अंकात माझे चार विनोदी लेख छापून आले असल्याने शोकांतिका तपासायला गावात मीच सापडलो. "काका, वाचून सांगजा. पण खरं खरं सांगजा बरं का!" माणूस 'खरं सांगा' म्हणतो तेव्हा त्याला 'मंजूर' ऐकायचं असतं, हे कर्जाच्या टेबलावर बसून मला ठाऊक झालेलं आहे. तरीही खरं लिहितो, कारण दोष त्या मुलांचा नाहीच. त्यांच्या मागे पन्नास वर्षांचा सिनेमा उभा आहे.

कथा थोडक्यात अशी. नायक बुलढाण्याचा, नायिका पुण्याची. पुण्याची मुलगी पदवीसाठी बुलढाण्याला का आली, याचा खुलासा नाही. लायब्ररीत दोघांचा धक्का लागतो आणि पुस्तकं पडतात. (आमच्या वेळी लायब्ररीत पुस्तकं शिपाई आणून देई. धक्का लागायचा तर त्यालाच लागला असता.) पाऊस येतो. गाणं होतं. विसाव्या पानावर नायिका खोकते. बत्तिसाव्या पानावर रिपोर्ट येतो. अडतिसाव्या पानावर ती मरते, आणि उरलेली दोन पानं नायक लोणारच्या काठावर उभा राहतो. वरून ड्रोन.

लोणार का, असं विचारलं. "काका, ते प्रतीक आहे न! उल्का येऊन आदळली आन् गेली. खड्डा राहिला. पाणीबी खारट!"

प्रतीक चांगलं आहे, नाही असं नाही. पण ते जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या काठावर नायक उभा केला की प्रेक्षक खड्डाच बघणार. शिवाय ते अभयारण्य आहे. ड्रोन उडवायचा तर वनखात्याची परवानगी काढा, आणि ती हातात पडेपर्यंत नायकाचं दुःख ओसरून त्याचं दुसरीकडे लग्न ठरलेलं असेल. २०२० साली त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, तसं शूटिंगच्या दिवशी झालं तर शोकांतिकेचं काय करायचं, हेही ठरवून ठेवावं लागेल.

निरोपाचा प्रसंग रेल्वे स्टेशनवर लिहिला आहे. आता बुलढाण्याला रेल्वे नाही. गाडी गाठायची म्हणजे एसटीने राजूर घाट उतरून मलकापूरला जायचं. त्या वळणांवर नायिका खिडकीतून बाहेर डोकं काढील ते नायकाला पाहण्यासाठी नव्हे, हे या रस्त्याने गेलेल्या कुणालाही विचारा.

पण हे किरकोळ आक्षेप झाले. मुख्य आक्षेप आजाराबद्दल आहे. १९७० साली हॉलिवुडचा 'लव्ह स्टोरी' आला. कॉलेजातलं प्रेम, लग्न, आणि मग नायिकेचा असाध्य आजार. तिला नेमकं काय झालं आहे, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगतच नाही. आमच्याकडे १९७१च्या 'आनंद'मध्ये निदान आजाराचं लांबलचक नाव तरी सांगितलं होतं. १९७५मध्ये 'मिली' आला. १९७८मध्ये 'अंखियों के झरोखों से' आला, त्यात सचिन आणि रंजिता एकाच कॉलेजातले. हे सिनेमे टाकाऊ नव्हेत. त्यांतल्या काहींनी आमच्या घरातल्या दोन पिढ्या रडवल्या आहेत. पण त्यांनी एक खोड लावून ठेवली. सिनेमातला आजार माणसाला सुंदर करतो. केस गळत नाहीत, तोंड येत नाही, औषधाच्या बिलावरून दोन भावांत भांडण होत नाही. आणि मरण शेवटच्या रिळात येतं. म्हणजे दुःख सुरू होतं तेव्हा प्रेक्षक चपला शोधत असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे सिनेमे दुःखाचे नव्हेत, दुःख येणार या बातमीचे आहेत. दुःख त्यानंतर येतं, आणि ते कसं दिसतं हे सांगायला माझ्यासारखा कारकून पुरेसा आहे.

बँकेत आमच्याकडे एक शब्दप्रयोग आहे: नाव कमी करणे. रेशन कार्डावरून, सातबाऱ्यावरून, पासबुकावरून, माणूस गेला की त्याचं नाव कमी करायचं असतं. दाखला, अर्ज, दोन फोटो. लोक तेरावं आटोपून येतात. काउंटरवर कुणी रडत नाही. 'झेरॉक्स कुठे मिळेल?' असं विचारतात. एक बाई तर दर तीन महिन्यांनी पासबुक भरून घ्यायला येतात. व्यवहार काहीच नसतो, तिमाही व्याजाची एक ओळ छापली जाते. खात्यावर दोन नावं आहेत आणि दुसरं कमी करायला त्या तयार नाहीत. नियमाने मी त्यांना समजावून सांगायला हवं. सांगतोही. त्या हो म्हणतात आणि पुढच्या तिमाहीला पुन्हा येतात.

जोडप्याचं खातं उघडताना आम्ही फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहितो. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. नवी लग्नं झालेली मंडळी हसत हसत त्याखाली सह्या करतात. पाऊस आणि गाणी न घालता प्रेमाची सबंध कथा तीन इंग्रजी शब्दांत बसवणारा तो कारकून कोण होता, मला ठाऊक नाही. पण त्याला कळलं होतं, की कथा मागे राहील त्याची असते.

आता विद्यार्थ्यांच्या प्रेमाकडे या. त्यात खरी गोम आहे आणि तीच संहितेत नाही. विद्यार्थी प्रेमिक हा मागे राहतो, पण कुठल्याच फॉर्मात बसत नाही. तो नवरा नाही, वारस नाही. मयताच्या अर्जात 'नाते' असा रकाना असतो, त्यात तो काय लिहिणार? तेराव्याला पंगतीत बसला तर लोक विचारतील, हा कुणाचा? त्याला सुतक नाही, रजा नाही. सोमवारी इंटर्नल परीक्षा आहे ती द्यायची आहे. घरी आई विचारते, जेवत का नाहीस, आणि त्याला सांगता येत नाही. म्हाताऱ्या विधुराला भेटायला गाव येतं. या पोराला भेटायला कुणी येत नाही, कारण त्याचं काही गेलं आहे हेच कुणाला माहीत नाही.

आणि मरण आणायला आमच्या जिल्ह्याला सिनेमाची गरज नाही. १ जुलै २०२३च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि पंचवीस माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांवर इथे बुलढाण्यालाच एकत्र अंत्यसंस्कार झाले. त्यांत शिकायला, नोकरीला निघालेली तरुण मंडळी होती. त्यांच्या आईवडिलांची नावं सरकारी कागदावर आली, ती यायलाच हवीत. पण त्या गाडीतल्या कुणाच्या तरी 'पोचले' या निरोपाची वाट पाहणारं एखादं माणूस कुठल्या होस्टेलवर असेलच, त्याचं नाव कुठल्या कागदावर येणार? सिनेमा त्याच्यासाठी काढायचा असतो.

हे विद्यार्थ्यांना झेपत नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना पायल कपाडियाने 'आफ्टरनून क्लाउड्स' केला. साठीची एक विधवा काकी आणि घरात कामाला असलेली तरुण मालती, एक दुपार. तेरा मिनिटांत एकीचा गेलेला आणि दुसरीचा जाणारा, दोन्ही येऊन जातात. २०१७ साली तो कानच्या महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात दाखवला गेला, आणि २०२४ साली त्याच बाईने कानमध्ये ग्राँ प्री मिळवलं. नागराज मंजुळ्यांनी 'पिस्तुल्या' केला तोही नगरला शिकत असताना, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचाच २०१६चा 'सैराट' आठवा. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद वाजवून आले. आणि शेवटी, जिथे दुसऱ्या कुणीही सगळी व्हायोलिनं एकदम सोडली असती, तिथे आवाजच बंद. एक लहान पोर चालत बाहेर येतं. थिएटरात माझ्या शेजारचा माणूस पॉपकॉर्नची पुडी आवाज होऊ नये म्हणून तशीच धरून बसला होता. एवढा वाद्यवृंद हाताशी असून तो न वाजवणं, याला मी दिग्दर्शन म्हणतो.

तेव्हा संहितेत माझी दुरुस्ती अशी. नायिका पहिल्या पानाच्या आधीच मरू द्या. आजाराचं नाव नको. तिने नायकाच्या कार्डावर लायब्ररीतून एक पुस्तक नेलेलं आहे आणि ते तिच्या घरी राहिलं आहे. ते परत केल्याशिवाय नायकाला नो ड्यूज मिळत नाही, आणि नो ड्यूजशिवाय हॉल तिकीट नाही. रोज दंड चढतो आहे. नायिका पुण्याची नको, चिखलीची चालेल. नायकाने एसटीने तिच्या घरी जायचं, दार वाजवायचं आणि तिच्या आईला सांगायचं, की मी पुस्तक न्यायला आलो. आई विचारणार, "तू कोण रे बाबा?" या प्रश्नाचं उत्तर तो काय देतो, एवढाच सिनेमा.

मुलांना कल्पना पटली, पण पुस्तकात नायिकेची शेवटची चिठ्ठी असावी असा आग्रह पडला. मी ठाम नकार दिला. चिठ्ठी नाही, वाळलेलं फूल नाही. त्रेसष्टाव्या पानाचा कोपरा दुमडलेला, बस. तिचं तेवढंच वाचून झालं होतं. पुस्तक परत करण्याआधी तो कोपरा नायक सरळ करतो की नाही, हे मात्र त्यांचं त्यांनी ठरवावं. माझं त्यावर अजून ठरलेलं नाही.

"पण काका, मग हिरोईन दिसतच नाही! तिच्या पप्पांनी गाडी द्याचं कबूल केलं आहे." हा आक्षेप मात्र वजनदार आहे. मराठी समीक्षेत त्याला उत्तर नाही. तिला धाकट्या बहिणीचं काम द्यावं आणि चहा तिच्या हातून आणवावा, असं मी सुचवलं आहे.

खर्चाचा अंदाज कॉमर्सच्या माणसाने द्यायचा तो देतो. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं, दोन कप चहा, लायब्ररीचा दंड. ड्रोन रद्द. पावसासाठी लावलेला टँकर रद्द. ग्लिसरीनची बाटलीही आणू नये. शूटिंग डिसेंबरात गेलं आणि कुणाचे हात फुटले तर गोष्ट वेगळी. बुलढाण्याला थंडी असते.