पूल आणि पंगत : मंडळीवाढीच्या विचाराची एक तपासणी

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका तरुण पाळकांनी आम्हाला विचारले होते, "सर, मंडळी म्हणजे काय यावर तुम्ही तासभर बोललात. पण नवी मंडळी सुरू कशी करायची, ते सांगा." प्रश्न रास्त होता. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला असे प्रश्न अडचणीत टाकतात, कारण त्याला व्याख्या करायची सवय असते आणि समोरच्याला रविवारी सकाळी हॉल उघडायचा असतो. म्हणून आज आम्ही त्याच प्रश्नाकडे वळतो. मात्र कृती सांगण्याऐवजी, जी कृती आज सर्वत्र सांगितली जाते तिची तपासणी करू.

सुरुवात घरातूनच करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मंडळीच्या पंचकमिटीवर होतो. शहर वाढत होते, मंडळीतली तरुण कुटुंबे बाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेली होती. रविवारी दोन बस बदलून उपासनेला येणे त्यांना जमेना. तेव्हा तिकडे नवी उपासना सुरू करावी असा ठराव आला आणि त्याबरोबर एक छापील आराखडाही आला. त्यात लिहिले होते, पहिल्या वर्षी 'आपल्यासारख्या' कुटुंबांपासून सुरुवात करावी, म्हणजे वाढ लवकर होते. आम्ही सहज विचारले, "आपल्यासारखी म्हणजे कोणासारखी?" खोलीत एकदम शांतता. मग एक वडीलधारे पंच म्हणाले, "सर, समजून घ्या की." आम्हाला समजले होते. दुःख त्याचेच होते.

तो आराखडा ज्याने छापला त्याला ठाऊक असो वा नसो, त्या एका शब्दामागे एक मोठा विचार उभा आहे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे त्याचे प्रवर्तक. हा माणूस परका म्हणून सोडून देता येत नाही. १८९७ साली मध्य भारतातल्या दमोह इथे, मिशनरी घराण्यात त्याचा जन्म झाला आणि आयुष्याची मोठी वर्षे त्याने याच देशात काम केले. १९५५ साली त्याचे 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हे पुस्तक आले. जगभर आज 'चर्च ग्रोथ' म्हणून जे शिकवले जाते, त्याचा उगम बराचसा तिथे आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस एकटा नसतो, तो नातेवाइकांत, जातीत, बोलीत गुंफलेला असतो. सुवार्ता या नात्यांच्या पुलांवरून पुढे जाते. माणसाला आपली जात, भाषा, वर्ग यांची सीमा ओलांडायला न लावता ख्रिस्ती होता आले, तर तो अधिक सहज होतो. म्हणून एकजिनसी गटांच्या मंडळ्या उभ्या कराव्यात.

यातले खरे काय, ते आधी मान्य करू. टीका करायची तर समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली पाहिजे, असे आम्ही वर्गात सांगत आलो. मॅकगॅव्हरनने मिशन कंपाउंडवर जी टीका केली ती अगदी योग्य होती. एखादा तरुण ख्रिस्ती झाला की घरचे त्याला टाकणार, मग मिशन त्याला कंपाउंडात खोली देणार, शाळेत किंवा छापखान्यात नोकरी देणार. माणूस वाचला, पण त्याचे गाव तुटले. तो आपल्या भावाशी पुन्हा बोलूच शकत नाही, आणि बोलला तरी भाऊ म्हणतो, "तू साहेबाचा झालास." अशी मंडळी पगारावर जगते. पगार थांबला की तीही थांबते.

हे आपल्याकडे मॅकगॅव्हरनच्या शंभर वर्षे आधी लक्षात आले होते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचले. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून त्यांच्या संस्थेचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले. मोठी केंद्रे आणि इंग्रजी शाळा यांवर भर नको, गावोगाव लहान मंडळ्या करा, त्यांना देशी पाळक द्या, हा त्यांचा आग्रह. मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतःच प्रसार करणारी असावी, हे सूत्र त्यांचे आणि इंग्लंडमधल्या हेन्री व्हेन यांचे. त्याच १८५४ साली नगरमध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

आता इथे जरा थांबा, बरं का. हे दोघे जन्माने ब्राह्मण. आणि त्यांच्या मंडळ्यांत महार, मांग समाजांतून आलेली माणसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा महाराच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तेव्हा ब्राह्मण कुळातला पाळक त्यांच्याबरोबर एकाच प्रभुभोजनाला बसत होता. मंडळी लहान होती. मॅकगॅव्हरनच्या मापाने ती अपयशी ठरेल, कारण सीमा ओलांडायला लावणारी मंडळी हळू वाढते. आमचा प्रश्न असा : ती हळू वाढत होती हे खरे, पण जे वाढत होते ते काय होते?

पुढे गावांत खरोखरच नात्यांच्या पुलांवरून विस्तार झाला. वाडेच्या वाडे आले. मॅकगॅव्हरनचे वर्णन तिथे चपखल बसते. पण एक गैरसमज दूर करू. त्या मंडळ्या एकजिनसी झाल्या त्या कुणी एकजिनसीपणाचे धोरण ठरवले म्हणून नव्हे. गावातले बाकीचे आले नाहीत म्हणून. दलितांनी दार बंद केले नव्हते. वरच्या आळीने उंबरा ओलांडला नव्हता. त्यामुळे 'ही तर अमक्यांची मंडळी' असे कुणी नाक मुरडून म्हणाले, तर दोष मंडळीत बसलेल्यांचा नसतो.

म्हणून मॅकगॅव्हरनवरचा आमचा मुख्य आक्षेप तर्काचा आहे. 'असे घडते' यावरून 'असे घडवावे' हे निघत नाही. ही अठराव्या शतकातल्या ह्यूमची शिकवण. डेव्हिड ह्यूम हं, आपल्या नगरचे ह्यूमसाहेब नव्हेत! माणसे आपल्या जातीच्या माणसांत सहज मिसळतात हे निरीक्षण आहे. त्याला योजनेचा पहिला नियम केले की निरीक्षणाचे परवानगीत रूपांतर होते. आणि आपल्या देशात जातीला परवानगीची गरज कधीच नव्हती, तिला फक्त अडथळा नको असतो.

मॅकगॅव्हरनचे उत्तर असे की आधी माणसे येऊ द्या, मग शिकवण देऊ, भेद हळूहळू जातील. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण इतिहास त्याला फारशी साथ देत नाही. तमिळनाडूत काही गावांत पिढ्यानुपिढ्या ख्रिस्ती असलेल्या लोकांची दफनभूमी जातीनुसार वेगळी राहिली. जन्मभर एका प्रभूची प्रार्थना आणि मेल्यावर मातीसुद्धा वेगळी. ज्या पायावर घर उभे केले, तो पाया 'मग' बदलता येत नाही.

मॅकगॅव्हरनने अंत्युखियाच्या मंडळीचा दाखला दिला आहे. आपणही तिथेच जाऊ. 'प्रेषितांची कृत्ये' सांगते की शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळाले. आणि तिथेच, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे, पेत्र आणि पौल यांचे जाहीर भांडण झाले. कशावरून? जेवणावरून! पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीत बसत होता. यरुशलेमहून काही माणसे आली आणि तो उठून वेगळा बसला. पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. एकजिनसी गटाच्या हिशेबाने पेत्राचे वागणे व्यवहार्य होते. यहूदी यहूद्यांबरोबर जेवतील, बाकीचे वेगळे जेवतील, दोन्हीकडे वाढ होईल. पौलाने मात्र यात सुवार्तेचाच प्रश्न पाहिला. पूल हवेत, हे आम्हाला मान्य आहे. पण पुलावरून जायचे ते पंगतीपर्यंत. आपल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. भजनात सारे सारखे आणि पंगतीत वेगळे, हा प्रकार आपण शतकानुशतके पाहिला आहे.

आता आपल्या घरचे दुसरे उत्तर पाहू, नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. अभंग, कीर्तन, भजन यांतून त्यांनी ख्रिस्त मराठीत आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचे त्याहून धाडसी पाऊल १९१७ चे. मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधू म्हणून येऊ शकत. परदेशी पैसा, परदेशी कारभार यांपासून मुक्त अशी मंडळी त्यांना हवी होती.

दरबाराची थोरवी आम्ही मानतो. तरी चिकित्सेत सवलत नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराचा प्राणही त्यांच्याबरोबर गेला. जी मंडळी एका माणसाच्या तेजावर उभी राहते, तिला दुसरी पिढी मिळत नाही. पौल एका गावी थोडे राहून, वडील नेमून पुढे निघत असे. रोलंड अ‍ॅलन यांनी १९१२ साली आपल्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला होता : आपण कामाची सूत्रे सोडत नाही, म्हणून मंडळी प्रौढ होत नाही. टिळकांनी साहेबाच्या हातातली किल्ली काढून घेतली, पण ती दुसऱ्यांच्या हाती देण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

याच्या शेजारी 'स्मृतिचित्रे' ठेवून पाहा. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांचे सोवळे सुटायला वर्षे लागली. कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाशी त्या स्वयंपाकघरात झगडल्या. आमच्या मते मंडळीवाढीवर मराठीत यापेक्षा चांगले पुस्तक नाही. सीमा ओलांडायला किती वेळ लागतो आणि ती ओलांडल्यावर माणूस किती मोकळा होतो, दोन्ही त्यात आहे. ही सीमा मॅकगॅव्हरनने अडचण मानली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तीच वाट ठरली.

मग नवी मंडळी कशी सुरू करायची? तरुण पाळकांचे उत्तर राहिले आहे. आम्ही तीन कसोट्या सांगतो.

पहिली, कोणाला पाठवता? अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना पाठवले. ते तिथले सर्वांत चांगले दोघे होते. आपण बहुधा नवशिका किंवा नकोसा माणूस पाठवतो.

दुसरी, किल्ली कोणाकडे? वर्गणीची वही, हॉलचे भाडे, पाळकाचा पगार हे नव्या मंडळीने किती दिवसांत स्वतः सांभाळायचे, याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा.

तिसरी, वस्तीची सेवा कशासाठी? अभ्यासिका काढा, दवाखाना चालवा, रेशनकार्डाचे अर्ज भरून द्या. पण ते आमिष म्हणून नको. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टेनिस्लॉस खटल्यात म्हटले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालावर वाद होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी कांट आपल्याला सोडत नाही. माणूस हे साधन नव्हे. ज्या पोराला गणित शिकवता, त्याच्याकडे भावी सभासद म्हणून पाहिलेत तर गणितही बिघडते आणि सुवार्ताही.

आकड्यांविषयी आणखी एक. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहे. म्हणून मंडळीच्या मागच्या बाकावर नाव न नोंदवता बसणारी माणसे असतात. त्यांना 'अर्धवट' म्हणू नका. टिळकांच्या दरबारात त्यांना जागा होती. ज्याच्या वहीत ही माणसे दिसत नाहीत, त्याचा वाढीचा तक्ता अपुराच राहणार.

शेवटी त्या पंचकमिटीकडे येतो. आराखड्यातला 'आपल्यासारख्या' हा शब्द बराच वाद होऊन खोडला गेला. दोन माणसे रागावून गेली, त्यांपैकी एक परत आले. नवी उपासना भाड्याच्या हॉलमध्ये सुरू झाली आणि महिन्यातून एकदा उपासनेनंतर सगळे एकत्र जेवायचे, असे ठरले. भाजी आळीपाळीने एकेका घरून. पहिल्या जेवणाला काही जण 'उपास आहे' म्हणून पाणीही न पिता बसून राहिले. रविवारी कसला उपास, हे आम्ही विचारले नाही. चौथ्या महिन्यात त्यांतल्या एका बाईंनी वाढायला घेतले. संख्या अजून चाळिशीच्या आत आहे.

आणि किंमत? आमच्या जुन्या मंडळीत पेटी वाजवणारा एकच चांगला तरुण होता. त्यालाच तिकडे पाठवले. तेव्हापासून आमची गीते बेसूर होतात, हे आम्ही कबूल करतो. दर रविवारी सूर चुकला की आमच्या शेजारचे गृहस्थ आमच्याकडे रोखून पाहतात, कारण त्याचे नाव आम्हीच सुचवले होते. काय करणार? मंडळी रोवायची म्हणजे आपल्याकडचे काहीतरी कमी होणारच.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. मात्र 'किती दिवसांत किती वाढ' हा प्रश्न सोडून.