गोष्ट कोणाची, सांगणारा कोण?

नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात बाबूकाका दिवाण भेटतात, तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ऐन उमेदीत कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमाताईंना धीर देणारे तोवर पुष्कळ होते. दिवाण मात्र स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून उद्योग सांभाळणारे, सोयीचे बदल करून घेतलेली मोटार स्वतः चालवणारे. 'आता माझं कसं होणार?' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या रूपाने समोर येऊन उभं राहतं. १९८४ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या नसीमाताईंच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेचं मूळ मला या भेटीत दिसतं.

शारीरिक अपंगत्वाला मराठीत असा स्वतःचा आवाज मिळाला, आणि तो पुढेही गेला. सोनाली नवांगुळ यांचं लेखन कीव मागत नाही. सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा २०२०चा अनुवाद पुरस्कार मिळाला. म्हणजे अपंग लेखिकेने कायम अपंगत्वावरच लिहावं, ही अटही त्यांनी मोडीत काढली.

मनाच्या आजाराचं आणि बौद्धिक अपंगत्वाचं तसं झालेलं नाही. तिथे गोष्ट बहुतेक वेळा घरचेच सांगतात. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त बच्चू रंगमंचावर सतत असतो, पण नाटक त्याच्या आईवडिलांचं आहे. 'चौकट राजा' या चित्रपटात (१९९१) दिलीप प्रभावळकरांनी नंदू जिवंत केला. तरी प्रेक्षक रडतो तो त्याच्या आईसाठी आणि बालमैत्रीण मुन्नीच्या अपराधी भावनेसाठी. नंदूला स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटतं, हे आपण विचारतच नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हे चित्र बदलायला घेतलं. त्यांच्या 'देवराई' या चित्रपटाची (२००४) निर्मिती डॉ. जगन्नाथ वाणी यांची. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी घरात जवळून पाहिला होता आणि पुण्यात या आजाराविषयी काम करणारी 'सा' ही संस्थाही त्यांनीच उभी केली. त्यामुळे नायक शेषचा संशय, त्याचं स्वतःशी चाललेलं बोलणं, बहीण सीनाची दमछाक हे सगळं ऐकीव वाटत नाही. अतुल कुलकर्णींनी शेषला वेडाचं सोंग होऊ दिलं नाही. आपण त्याच्या मनात डोकावतो खरे, पण आधार सीनाचा असतो.

याच जोडीच्या 'कासव'मध्ये पाऊल पुढे पडतं. आत्महत्येच्या कडेवर असलेल्या मुलाला घरी आणणारी जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. म्हणून ती त्याला नाव-गाव विचारत नाही, 'काय झालं?' म्हणून खोदत नाही. तो जेवतो की नाही, झोपतो की नाही, एवढं बघते आणि थांबते. असं थांबणं अनुभवातूनच येतं. या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण पडद्यावर जे जमलं, ते पुस्तकात अजून क्वचितच उतरलंय. पुण्या-ठाण्यातल्या स्वमदत गटांत शुभार्थी (मनाच्या आजाराला तोंड देणारे) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) एकत्र बसतात. तिथे गोळ्यांनी वाढणारं वजन, थरथरणारा हात, दुपारपर्यंत न उतरणारी झोप यांवर मोकळेपणाने बोलणं होतं. स्थळ आलं तर आजाराचं आधी सांगायचं की नंतर, यावर वादही झडतात. ते शब्द खोलीबाहेर पडत नाहीत, आणि त्याचं कारण उघड आहे. नाव छापलं की नोकरी धोक्यात येते, धाकट्या बहिणीचं लग्न अडतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ रुग्णाला उपचारांबाबत आपली इच्छा आधीच लिहून ठेवायचा हक्क देतो. शेजाऱ्यांच्या नजरेपुढे मात्र कायद्याचं काही चालत नाही.

पुण्याच्या रेश्मा वल्लिअप्पन यांनी स्किझोफ्रेनियासह जगण्याची स्वतःची गोष्ट सांगितली, पण इंग्रजीत. मराठी संपादक मानसिक आरोग्यावर विशेषांक काढतात तेव्हा पहिला फोन मनोविकारतज्ज्ञांना जातो. तज्ज्ञांचे लेख हवेतच. पण त्याच अंकात, टोपणनावाने का होईना, एका शुभार्थीची दहा पानं संपादकांनी मागून घ्यावीत, आणि ती डॉक्टरांच्या प्रस्तावनेशिवाय छापावीत.