प्रेरणेचा स्रोत आणि समीक्षेची घाई

लेखकाने प्रेरणेचा स्वतःचा स्रोत शोधावा, हे विधान आपल्याकडे इतके सर्वमान्य झाले आहे की, त्यातील ‘स्वतःचा’ या शब्दाची तपासणी करण्याची गरज समीक्षेला सहसा भासत नाही. लेखकाचे चरित्र हाती आले की स्रोतही गवसला, असे ती गृहीत धरते. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) आणि त्याच्या परिसरातील दोन उदाहरणांच्या आधारे हे गृहीत पारखून पाहता येईल.

ना. धों. महानोर (१९४२-२०२३) यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) या संग्रहाचा उगम रान हाच होय, असे म्हणण्याचा मोह साहजिक आहे. महानोर पळसखेडला शेती करीत होते, हे खरेच. परंतु रान असंख्य शेतकऱ्यांच्या वाट्याला आले. ते सारे कवी झाले नाहीत. महानोरांनी ‘पळसखेडची गाणी’ हे लोकगीतांचे संकलन केले, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. रान हा त्यांचा अनुभव; त्या अनुभवाला लय मिळाली ती मात्र गावाच्या सामूहिक कंठातून. ‘अजिंठा’ या त्यांच्या दीर्घकाव्याचा विषय तर त्यांच्या आयुष्यातला नाहीच. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमला गेलेला रॉबर्ट गिल आणि १८५६ मध्ये मरण पावलेली पारो यांची ही कथा परिसराच्या स्मृतीतली आहे. जे जगलेलेच नाही ते ‘स्वतःचे’ कसे होते, हा प्रश्न चरित्रनिष्ठ समीक्षा विचारीतच नाही.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय उभे केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्या वातावरणाशी निगडित असलेल्या गंगाधर पानतावणे (१९३७-२०१८) यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले. त्यात लिहिणाऱ्यांच्या वेदनेला पिढ्यांचा इतिहास होता. ती साहित्याचा विषय होऊ शकते, हा विश्वास मात्र आंबेडकरी विचाराने दिला. म्हणजे येथे अत्यंत व्यक्तिगत असा अनुभवदेखील एका सामूहिक दृष्टीमुळेच ‘माझा’ म्हणून उच्चारता आला. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रेरणेचे नाव एकदा निश्चित झाले की समीक्षक प्रत्येक कृतीवर तेच नाव लिहून मोकळा होतो. मग दोन कवींमधील, एकाच कवीच्या दोन कवितांमधील भेद त्याला दिसेनासा होतो. ज्या माणसाला व्यक्ती म्हणून नाकारले गेले, त्याला समीक्षेनेही केवळ प्रतिनिधी मानावे, हा अन्यायच होय.

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्याची तीन वेगळी कारणे न मानता तिन्ही मिळून एकच हेतू मानला. अनुभव, परंपरा आणि दृष्टी यांविषयीही तसेच म्हणता येईल. यांपैकी एकाला सुटे काढून त्याला ‘स्रोत’ म्हणणे सोयीचे असते, पण त्यातून कृती उलगडत नाही. व्यक्तिगत स्रोत हा लेखनापूर्वी कोठेतरी तयार असलेला झरा नव्हे. समूहाकडून मिळालेल्या भाषेतून स्वतःचे काय ते ओळखण्याची ती क्रिया आहे, आणि ती लेखनातच घडते. तिचा पुरावा कवीच्या गावात शोधण्यापूर्वी त्याच्या ओळीत शोधावा. अभ्यासकाने तेथून आरंभ केला, तर चरित्रही त्याला अधिक काही सांगू लागेल.