अटींचे नाते : काशी, पिता आणि अपत्य

मराठी संतचरित्रांच्या परंपरेत काशी हे केवळ मोक्षाचे क्षेत्र नाही. ते पितापुत्रांच्या दुराव्याचे आणि पुनर्भेटीचेही स्थळ आहे. एकनाथांनी (1533-1599) भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका 1573 मध्ये याच नगरीत पूर्ण केली. पुढे त्यांचा पुत्र हरिपंडित याच नगरीत वडिलांवर रुसून आला, असे परंपरा सांगते. संस्कृत विद्येत निष्णात झालेल्या पुत्राला पित्याचे प्राकृत पुराणकथन आणि परान्नसेवन मान्य नव्हते. महिपतींच्या चरित्रग्रंथांमुळे घराघरांत पोहोचलेल्या या कथेत वृद्धत्वाकडे झुकलेला पिता स्वतः काशीस येतो. परान्न घेणार नाही आणि प्राकृतात पुराण सांगणार नाही, या पुत्राच्या दोन अटी तो मान्य करतो व त्याला पैठणास परत नेतो.

या कथेचा उत्तरार्ध चमत्काराचा आहे. सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या, पण दारिद्र्यात सापडलेल्या एका स्त्रीच्या घरी एकटे नाथ जेवतात. त्यांची पत्रावळ उचलताना तिच्याखाली एकामागून एक पत्रावळी निघतात आणि हरिपंडिताचा अभिमान गळतो. भाविक वाचकाचे लक्ष या चमत्कारावर खिळते. तथापि नात्याच्या दृष्टीने निर्णायक क्षण त्याआधीच येऊन गेलेला आहे. ज्ञानाने आणि अधिकाराने थोर असलेला पिता पुत्राच्या अटी विनातक्रार स्वीकारतो, तो हा क्षण होय. पुत्र जवळ येतो तो आपण जिंकलो या समजुतीने. त्याला खरा पिता भेटतो तो मात्र या अटी निरर्थक ठरल्यावर. अट आणि तिचे गळून पडणे हे आशयसूत्र हाती घेतले असता अलीकडच्या दोन चित्रपटसंहितांचे वाचन अधिक अर्थपूर्ण होते. पित्याची माघार संतचरित्रात स्वेच्छेने घडते. या संहितांत ती आजारपण आणि वार्धक्य घडवून आणतात.

शुभाशीष भूतियानी यांचा ‘मुक्तिभवन’ (2016) हा हिंदी चित्रपट प्रत्यक्ष वाराणसीत घडतो. आपला अंतकाळ जवळ आला आहे, असा संकेत स्वप्नातून मिळाल्याची खात्री पटलेले दया (ललित बहल) काशीस जाण्याचा हट्ट धरतात. नोकरीच्या ओझ्याखाली दबलेला मुलगा राजीव (आदिल हुसेन) नाइलाजाने त्यांच्यासोबत निघतो. मरणोन्मुखांसाठीच्या त्या निवासात मुक्कामाला पंधरा दिवसांची मर्यादा आहे. वाराणसीत 1958 पासून चालत आलेल्या काशी लाभ मुक्तिभवनातही मुक्काम साधारणतः दोन आठवड्यांचा असतो, त्यामुळे ही मर्यादा केवळ पटकथेची सोय ठरत नाही. येथे अट पुत्र घालत नाही, संस्था घालते; पण पुत्राच्या मनातही तीच अट आहे. रजा संपण्यापूर्वी सर्व काही आटोपावे ही त्याची अपेक्षा त्याला स्वतःलाही उच्चारता येत नाही. वडिलांच्या मृत्यूची वाट पाहणे आणि त्यांची सेवा करणे या दोन क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात, हे या संहितेने टिपलेले कठोर सत्य आहे. मध्ये दया आजारी पडतात, अखेर आली असे वाटते आणि ते पुन्हा सावरतात. त्यानंतर पंधरा दिवसांच्या हिशेबाला अर्थ उरत नाही. शेवटी मुलाला परत पाठवून ते एकटेच मागे राहतात. म्हणजे मोकळे करण्याचा अधिकार येथे पित्याकडेच शाबूत राहतो, आणि चित्रपटाचा सौम्य सूर याच सवलतीतून आलेला आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हीच सवलत काढून घेतो. 61व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये संवादलेखनासाठी भावे यांचा आणि सहायक अभिनयासाठी अमृता सुभाष यांचा गौरव झालेल्या या चित्रपटात डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना थोडा वेळ मोटारीत बसवून जाते आणि ते रस्त्यावरच्या एका हत्तीमागे चालू लागतात. हरिपंडिताच्या कथेत संस्कृत हे पुत्राच्या अभिमानाचे शस्त्र होते. येथे ते पित्याचे अखेरचे वस्त्र आहे. आप्तांची ओळख पुसली जात असताना विद्येचे अवशेष मात्र टिकून राहतात. अशा पित्यापुढे अपत्याने कोणती अट मांडावी? त्याने क्षमा मागावी, जुन्या तक्रारींची उत्तरे द्यावीत, निदान आपल्याला ओळखावे, यांपैकी एकही अपेक्षा तो पुरी करू शकत नाही. इराचा शोध वरकरणी हरवलेल्या वडिलांचा आहे. वस्तुतः उत्तर न मिळताही नाते चालू ठेवता येते काय, याचा तो शोध आहे. शीर्षकातील होकाराचे वजन येथे कळते. ती हतबल शरणागती नव्हे. हिशेब मिटला नसतानाही वही बंद करण्याची ती कृती आहे.

तथापि या संहितेविषयी एक प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. शास्त्रींना निरपेक्ष माया मिळते ती माहुताच्या कन्नडभाषक पत्नीकडून, चन्नम्माकडून. ते तिला आई मानतात आणि ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिची माया सहज आहे, कारण तिच्याजवळ त्यांचा भूतकाळ नाही. इराजवळ तो आहे, आणि उद्याचे, परवाचे व पुढील अनेक वर्षांचे दिवसही आहेत. चन्नम्माच्या एका दिवसाच्या वात्सल्याने इराची वर्षानुवर्षांची शुश्रूषा मोजली गेली, तर तो मुलीवर अन्याय ठरेल. शिवाय सुशिक्षित कुटुंबाला मायेचा धडा देण्याचे काम निर्धन स्त्रीवरच का सोपवले जाते, हाही प्रश्न उरतोच. हरिपंडिताला शहाणपण येते तेही एका दरिद्री स्त्रीच्या अंगणात. ही परंपरा किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

आजारपण दुरावलेल्यांना जवळ आणते, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. आजारपण पित्याचा अधिकार काढून घेते, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. रिकाम्या झालेल्या त्या जागी अपत्य आपला अधिकार बसवते की आपली अटही मागे घेते, यावर पुनर्भेट अवलंबून असते. नाथांनी आधी माघार घेतली आणि पुत्राला नंतर उमगले. राजीवला वडील जिवंत असतानाच उमगले. इराला मात्र उमगल्याचे सांगण्यासाठी ऐकणारा पिता उरलेला नाही. या तिघांत तिचे काम सर्वाधिक अवघड आहे, आणि घरोघरी दीर्घायुषी, विस्मृतिग्रस्त वडील सांभाळणाऱ्या आजच्या अपत्यांच्या वाट्याला येणारे कामही तेच आहे.