४७ दिवसांचा हिशोब

अणुवीज केंद्राच्या शटडाउनमध्ये कोणती तपासणी कधी करायची, यावरचे शोधनिबंध चाळलेत तर एक सूत्र हमखास भेटेल: बिघाडाचा दर गुणिले दोन चाचण्यांमधला काळ, भागिले दोन. समजा, एखादा राखीव पंप तासाला दहा लाखांत एक या दराने बिघडतो आणि २४ महिन्यांनी एकदाच तपासला जातो. मग ऐन गरजेला तो न चालण्याची सरासरी शक्यता सुमारे ०.९ टक्के. सुटसुटीत आहे, मान्य. माझ्या प्रबंधातही आहे. पण त्यात एक गोष्ट गुपचूप धरलेली असते: चाचणी झाली, की यंत्र नव्यासारखं.

आता अमेरिकेतल्या ओहायोमधलं डेव्हिस-बेसी केंद्र बघा. झाकण म्हणजे पंप नव्हे, पण गृहीतक तेच. २००१ मध्ये दुसऱ्या एका केंद्रात अणुभट्टीच्या झाकणातून जाणाऱ्या नळ्यांना आडव्या भेगा सापडल्या. नियामक आयोगाने धोक्यातल्या केंद्रांना ३१ डिसेंबरपर्यंत तपासणी करायला सांगितलं. डेव्हिस-बेसीला मार्चअखेरच्या नियोजित शटडाउनपर्यंत थांबायचं होतं. घासाघीस होऊन १६ फेब्रुवारी २००२ ठरली.

या ४७ दिवसांचा धोका आकड्यांत मांडला गेला. पण कशाचा? नळ्यांच्या भेगांचा. मार्चमध्ये सापडलं ते भलतंच. गळून साचलेल्या बोरिक आम्लाने झाकणाचं १५-१६ सेंटिमीटर जाड पोलाद एका जागी पार खाऊन टाकलं होतं. खाली उरलं होतं जेमतेम सेंटिमीटरभर स्टेनलेस स्टीलचं अस्तर. आत दाब वातावरणाच्या दीडशे पट! आणि हे अस्तर गंज रोखायला असतं, दाब पेलायला नव्हे.

टीका झाली ती मुख्यतः त्या ४७ दिवसांवर. आयोगाच्याच महानिरीक्षकांनी म्हटलं, की मुदतवाढीमागे कंपनीच्या आर्थिक नुकसानीचा विचार मोठा होता. ते बरोबरच. पण एवढा खड्डा काही ४७ दिवसांत पडत नाही, त्याला वर्षं लागतात. २००० च्या शटडाउनमध्ये झाकणावरचा आम्लाचा थर पुरता काढलाच नव्हता. मग खालचं पोलाद दिसणार कसं? कागदावर मात्र तपासणी 'झाली', आणि सूत्रातलं घड्याळ शून्यावर आलं.

यावर दुरुस्ती आहे, नवीही नाही. चाचणीला न सापडणारा वाटा वेगळा धरायचा आणि त्याचं घड्याळ शेवटच्या खऱ्या तपासणीपासून मोजायचं. त्या वाट्याचे आकडे सहज मिळत नाहीत, म्हणून बरेचजण तो सरळ शून्य धरतात. मीही धरला होता. गेल्या आठवड्यात दुसरं प्रकरण पुन्हा उघडलंय.